बायडाक्काचं पडसं

कोल्हापुरात कोंबडी आजारी पडते, ही गोष्टच मुळात कुणाला मान्य नाही. इथं कोंबडीच्या दोनच अवस्था लोकांना ठाऊक आहेत : अंड्यावर आणि चुलीवर. मधे कधीतरी तिला पडसं होतं, अंग कसकसतं, चार दिवस पडून राहावंसं वाटतं, असं सांगायला गेलं की समोरचा आधी तुमच्याकडं बघतो आणि मग तुमच्या हातातल्या पिशवीकडं. "आजारी हाय?" त्याच्या प्रश्नात काळजी असते, नाही असं नाही. पण ती मसाला वाया जाईल का, याची असते.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. घरापुढं गाडी लावायला जागा नाही, पण मागं परडं आहे. परड्यात एक नारळ, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि पाच कोंबड्या. त्यातल्या चार सुधारित जातीच्या. कोल्हापुरात सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आणि या चौघींचं मूळ घराणं तिथलं, असं ज्यानं विकल्या तो सांगत होता. त्यांच्या वागण्यावरून मला ते पटतं. वेळेवर हजर होतात, वेळेवर खातात, आणि अंडं मागायला गेलं की 'उद्या या' असा चेहरा करतात.

पाचवी बायडाक्का. ही अस्सल गावठी, राधानगरीकडची. सासऱ्यांनी ती पाहुणचारासाठी म्हणून धाडली होती. मी तिला पिशवीतून एसटीनं घेऊन येत होतो, तर तिनं वाटेतच पिशवीत अंडं घातलं. घरी आल्यावर आईनं पिशवीत हात घातला, हाताला ऊन ऊन अंडं लागलं आणि तिचा जीव विरघळला. "पहिल्यांदा घरात येताना रिकाम्या हातानं आली न्हाई," आई म्हणाली, "हिला कशी कापायची?" सुनेकडंसुद्धा आईनं इतक्या कौतुकानं कधी बघितलेलं नाही. त्याच संध्याकाळी मुलीनं तिचं नाव ठेवलं. पदर खोचल्यासारखी चाल, मान पुढं, आणि कुणाचंही काहीही चाललं असलं तरी त्यात चोच घालायची सवय; त्यामुळं बायडाक्का. घरातली पहिली चूक ही. पुढचं सगळं रामायण त्या एका नावातनं घडलं.

आषाढाचा दुसरा आठवडा होता. आषाढात बावड्याचा माणूस सकाळी उठून दात घासायच्या आधी एकच गोष्ट विचारतो : "बंधाऱ्यावर किती?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. बाकीच्या गावांतल्या पोरांना पाढे येतात, आमच्या पोरांना हे दोन आकडे येतात. 2019 साली आणि पुन्हा 2021 साली पुरानं हे आकडे आमच्याकडून चांगलेच पाठ करून घेतले. तर त्या दिवशी मी असाच बंधाऱ्याची चौकशी करून परड्यात गेलो, आणि खुराड्यातून आवाज आला : 'फिच्च.'

कोंबडी शिंकते हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

खुराडं उघडलं तर चौघी बाहेर आल्या आणि बायडाक्का आतच. पिसं फुगवून, मान खांद्यात घालून, डोळे मिटून बसलेली. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. श्वास घेताना नारळाच्या शेंड्यावरून वारं जावं तशी घरघर. जाणते सांगतात की कोंबडी आजार लपवते. शिकारीच्या तोंडी जाणाऱ्या जनावरानं आपण अशक्त आहोत हे जगाला कळू द्यायचं नसतं. म्हणजे ती आजारी दिसते तेव्हा ती दोनतीन दिवस आधीपासूनच आजारी असते. आमच्या घरात याच्या बरोबर उलटा नियम चालतो. मी शिंकायच्या दोन दिवस आधीपासून आजारी दिसतो.

तिला लपवायला कारणही होतं. परड्यात बायडाक्काचा मान पहिला. दाणे टाकले की आधी ती, मग बाकीच्या, कुणी मधे घुसलं की टाळक्यात चोच. थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेतल्या माणसानं लहानपणापासून कोंबड्यांकडं बघत बसून 1921 च्या सुमारास हे शास्त्रात मांडलं : कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. त्या बिचाऱ्याला एवढी वर्षं घालवावी लागली. आमच्या गल्लीत एखाद्या लग्नाच्या पंगतीला बसला असता, तर भात वाढेपर्यंत त्याचं काम झालं असतं. असो. बायडाक्का खाली बसलेली दिसताच चौघींतली एक, आजवर जिनं मान वर केली नव्हती ती, हळूच आली आणि तिच्या डोक्यात टोच मारून गेली. सत्तांतराला वेळ लागत नाही.

मी बायडाक्काला उचलून घरात आणलं. डालगं न्हाणीत पालथं घातलं, खाली पोतं, आणि आत ती. बातमी गल्लीत पसरायला पंधरा मिनिटं लागली.

पहिल्या शेजारच्या काकी आल्या. "लसूण ठेचून घाला," म्हणाल्या. "एक पाकळी, पाण्यातनं. मी तर लसणाबिगर कुठलंच दुखणं काढलं न्हाई." मग कोपऱ्यावरचे मामा आले. त्यांनी कांदा बारीक चिरून द्यायला सांगितलं. आईची हळद तर आधीच चालू होती. तालमीतले वस्ताद जाता जाता थांबले. त्यांनी डालग्याखाली वाकून बघितलं, बायडाक्काच्या मांडीवर दोन बोटं दाबली आणि निदान केलं : "खुराक कमी पडलाय. तुपात मिरी कुटून द्या. दोन दिवसांनी थंडाई चालू करा, बदाम घालून." पडशाला थंडाई कशी, असं विचारायची माझी छाती झाली नाही. वस्तादांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना आजही रस्त्यानं जाताना फुटपाथ पुरत नाही. निवृत्त मास्तरांनी आलं, दालचिनी आणि लवंगेचा काढा सांगितला आणि तो कुठल्या ग्रंथात आहे हेही सांगितलं.

मी शिस्तीचा माणूस. सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि कागद स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला : लसूण, कांदा, हळद, तूप, मिरी, आलं, दालचिनी, लवंग. संध्याकाळी बायको कामावरून आली, पाणी पिता पिता तिनं कागद वाचला आणि विचारलं, "कोण येणार हाय जेवायला?"

मी कागद पुन्हा वाचला. तीळ आणि सुकं खोबरं तेवढं राहिलं होतं.

तेव्हा मला आमच्या गावाच्या वैद्यकशास्त्राचा गाभा कळला. कोल्हापुरात औषध आणि मसाला असे दोन वेगळे विषय नाहीतच. जिन्नस तेच. जितेपणी आतून दिलं की औषध, नंतर बाहेरून चोळलं की मसाला. सगळ्यांचे उपाय मी मनापासून केले असते, तर दोन दिवसांत बायडाक्का आतून पूर्ण मुरली असती, आणि मग बरी होवो न होवो, वाया काहीच गेलं नसतं. सल्ला देणाऱ्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण मामा निघताना म्हणाले होते, "काय झालं तर आदी आमाला सांगा हं," आणि ते पातेल्याच्या आकाराविषयी काहीतरी पुटपुटल्यासारखं मला वाटलं.

याच मामांनी जाता जाता मोठा बॉम्ब टाकला. "मानमोडी असंल," म्हणाले.

या रोगाच्या नावांचीसुद्धा एक गंमत आहे. 1926 च्या सुमारास तो इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळच्या कोंबड्यांत दिसला, म्हणून साहेबानं त्याला न्यूकॅसलचं नाव दिलं. थोड्याच काळात तो कुमाऊँमधल्या रानीखेतला दिसला, म्हणून आपल्याकडच्या पुस्तकांत तो रानीखेत झाला. एवढी चांगली दोन गावं, नाव निघालं ते कोंबडीच्या हगवणीवरून. आमच्या लोकांनी मात्र कुठल्याच गावाची बदनामी केली नाही. कोंबडीकडं बघितलं, मान वाकडी झालेली दिसली, नाव ठेवलं मानमोडी. 1918 साली माणसांत इन्फ्ल्युएन्झाची साथ आली आणि घरंच्या घरं बसली, तेव्हा मराठी माणसानं तिलाही हेच नाव दिलं होतं. माणूस असो की कोंबडी, साथीपुढं मान मोडतेच, हे त्याला बरोबर कळलं होतं.

मानमोडी म्हटल्यावर घरात शांतता पसरली. मुलीनं रडायच्या आधी प्रश्न विचारला, "तिला ताप हाय का बघितलासा काय?" हा प्रश्न इतका सरळ होता की दिवसभरात आलेल्या एकाही तज्ज्ञाला सुचला नव्हता. तिनंच थर्मामीटर आणला, तिनंच तो बायडाक्काच्या पंखाखाली धरला. काखेत धरल्यासारखा. बायडाक्कानंही पंख आवळून घेतला, एखाद्या समजूतदार पेशंटसारखा. थर्मामीटर वाजला. 106.2.

आई भिंतीला टेकली. एकशे सहा म्हणजे डोक्यावर बर्फ, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, आणि मुंबईच्या पाहुण्यांना फोन. मी घड्या घालायला निघालो, पण कोंबडीला कपाळ कुठून सुरू होतं हेच सापडेना. शेवटी आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, एकशे सहा ताप आहे!"

"मग चांगलं आहे की," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीचं अंग तेवढंच गरम असतं. 105 ते 107. सेल्सिअसमध्ये 41-42 धरा. अठ्ठ्याण्णव भरलं असतं तर मला फोन करायची गरज नव्हती."

मी हिशेब केला. 41 ते 42. म्हणजे 39 च्या वर आणि 43 च्या खाली. बंधाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कोंबडी जन्मभर इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्या मधेच जगते. एकदाही पाणी उतरत नाही. तिचा तो सततचा गोंधळ, उगीचच पळणं, पान पडलं तरी आभाळ पडल्यासारखं ओरडणं, हे सगळं मला त्या क्षणी समजलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे बावडेकर तसेच वागतो.

"उद्या घेऊन या," डॉक्टर म्हणाले, "आणि वजन किती आहे ते बघून या. डोस वजनावर असतो. आमच्या दवाखान्यातला काटा मोठ्या जनावरांचा आहे, त्यावर तुमची कोंबडी दिसायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंबडी पिशवीत घातली आणि वजनकाटा शोधायला निघालो. किराणावाल्यानं हात जोडले. सोनारापाशी गेलो नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. जित्या कोंबडीचं अचूक वजन करून देणारी पेठेत एकच जागा असते, आणि ती कुठली हे सगळ्यांना माहीत आहे. मी चिकन सेंटरच्या पायरीवर पाच मिनिटं घुटमळलो. पिशवीतून बायडाक्कानं मान बाहेर काढली, पाटी वाचल्यासारखं केलं आणि परत आत घातली.

"बोला सर," दुकानदार म्हणाला.

"वजन करायचंय."

त्यानं पिशवी घेतली, बायडाक्काला सराईतपणे काट्यावर ठेवलं. "एक किलो सहाशे. गावठी हाय, झ्याक हाय. बारीक करू का रस्स्याचं?"

"नको. तशीच द्या."

"मंजे अख्खी? तंदूर?"

"अख्खी म्हणजे... जिवंत. घरी न्यायचीय."

त्यानं सुरीला पाणी लावता लावता हात थांबवला. मागच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या बॉयलर कोंबड्याही एकदम गप झाल्या. त्यांच्या इतिहासात काट्यावर चढून परत घरी गेलेली ही पहिलीच असावी. "आजारी आहे," मी सांगितलं, "दवाखान्यात न्यायचीय. डोससाठी वजन." दुकानदारानं बायडाक्काला दोन्ही हातांनी अलगद उचललं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर तो कोवळा भाव दिसला. "सर्दी झाल्याली दिसती," तो म्हणाला. "आल्याचा रस द्या, सर. आनि लसूण." वजनाचे पैसे घेतले नाहीत. पिशवीच्या तोंडाशी वाकून तिला म्हणाला, "बरी हो, लवकर ये." शेवटच्या दोन शब्दांनी मी हबकलो.

दवाखान्यात माझ्यापुढं एक म्हैस, दोन शेळ्या आणि कान खाजवणारं एक कुत्रं होतं. म्हशीच्या मालकानं माझ्या पिशवीत डोकावून बघितलं आणि मान हलवली. लाख रुपयाच्या जनावरानं रांगेत उभं राहायचं आणि मागं पिशवीत कोंबडी, हे त्याला पटलेलं नव्हतं. पण डॉक्टरांना पटलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाकीच्या कशा आहेत? मेली का एखादी?" चौघी ठणठणीत आहेत म्हटल्यावर त्यांचे खांदे जरा सैल पडले. एकदम पटापट मरायला लागल्या असत्या, तर गोष्ट वेगळी, ते म्हणाले. मग हात लावायचा नाही, कापायच्या तर नाहीतच, लगेच कळवायचं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून कुठलाही पशुवैद्य आधी मेलेल्या मोजतो आणि मग जित्या तपासतो.

मानमोडीही नव्हती. ती झाली तर हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, वाकडी मान आणि एकामागं एक बळी. तिच्यावर उपाय नाही, लस तेवढी आहे. लासोटा नावाची, पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत नाकाडोळ्यात थेंब टाकून द्यायची. बायडाक्काला साधं पडसं होतं. "खुराड्यात ओल आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. आहे, मी म्हणालो. "विष्ठेचा वास डोळ्याला झोंबतो का?" झोंबतो. "तुमच्या डोळ्याला झोंबतो, तिला रात्रभर त्यातच श्वास घ्यायचा असतो. औषध पाच दिवस तिला, आणि खुराड्याला कायमचं : कोरडं तूस, चुना, आणि वाऱ्याला वाट."

म्हणजे गुन्हेगार मीच निघालो. दृष्ट लागली, हवा लागली, खुराक कमी पडला, सगळं म्हणून झालं होतं. खुराडं साफ करा, हा एकच उपाय गल्लीत कुणी सुचवला नव्हता, कारण त्यात लसूण नव्हता.

मग सेवा सुरू झाली. तिला ऊब द्यायची म्हणून मी दिवा आणायला गेलो तर दुकानात सगळे एलईडी. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. अख्खी लक्ष्मीपुरी पालथी घातल्यावर एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून दिला, धूळ झाडून, जुनं मंगळसूत्र काढून द्यावं तसा. औषध पाजायचं तंत्र वेगळंच. चोच उघडून ड्रॉपर सरळ आत रिकामा करायचा नाही. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं तोंड असतं, औषध तिकडं गेलं तर पडसं बरं होतं आणि कोंबडी जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, ती आपणहून गिळते. एक जण धरायला, एक पाजायला, एक 'बायडाक्का, आ कर' म्हणायला. कोमट पाण्यानं डोळे पुसायचे. ज्वारीच्या कण्या शिजवायच्या. नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, दिवसातून आठ वेळा.

आई हे सगळं सोप्यातून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चार वर्षं झाली माझा गुडघा धरून. एकदा तरी कुणी बलब लावला काय?" त्या रात्रीपासून आईची खाटही न्हाणीच्या दाराशी सरकली. बल्ब एकच, लाभार्थी दोन.

ऑफिसात मी रजेचा अर्ज टाकला होता : 'घरी आजारपण असल्यामुळं.' साहेबांनी विचारलं, "कोण आजारी आहे?" तोंडातून नाव निघून गेलं. "बायडाक्का." साहेब गंभीर झाले. "आत्या का?"

"घरातल्याच आहेत," मी म्हणालो. खोटं त्यात काहीच नव्हतं.

"वयस्कर असतील."

"दीड वर्ष झालं... आमच्याकडं येऊन."

पुढं दोन दिवस सहकाऱ्यांचे फोन येत राहिले. आक्का जेवतात का? दोन घास खातात. उठून बसतात का? बसलेल्याच असतात, उठत नाहीत. एकानं संत्री पाठवली. ती आम्ही खाल्ली.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता, आणि संकट खरं त्या दिवशी आलं. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी कोल्हापुरात त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून गल्ल्यागल्ल्यांतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं. त्या वाद्यांचा आवाज 'पी ढबाक', म्हणून यात्रेलाही लोक पी ढबाकच म्हणतात. देवीला नैवेद्य, आणि मग गल्लीला मटण, कोंबडी, तांबडा, पांढरा. आखाड आहे, पुढं श्रावण लागणार. महिनाभराचं पोटात साठवून ठेवायचे हे दिवस. आमच्या गल्लीची पोरं वर्गणी मागायला आली, आणि न्हाणीच्या दारात थबकली. पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात, स्वच्छ पोत्यावर, एक किलो सहाशेची गावठी कोंबडी बसलेली.

"आज्जी," एक जण आवाज खाली आणून म्हणाला, "ही यात्रंला राखल्यासा काय?"

"आजारी हाय ती," मुलगी म्हणाली.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. आजारी आहे, म्हणजे तर उशीर करून चालणार नाही, असा त्यांचा अर्थ होता. मागं रस्त्यावर पी आणि ढबाक एकदम झालं. बायडाक्कानं एक डोळा उघडला. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून औषधाची बाटली घेऊन आली, चष्मा लावला आणि लेबल मोठ्यानं वाचायला लागली : औषध चालू असताना आणि त्यानंतरचे काही दिवस या पक्ष्याचं मांस आणि अंडी खाण्यासाठी वापरू नयेत. पोरं खाली मान घालून एकावन्न रुपये घेऊन गेली.

औषधानं बायडाक्काला किती गुण आला ते डॉक्टर जाणोत. तिचा जीव वाचवला तो लेबलानं.

पाचव्या दिवशी पहाटे न्हाणीतून भांडण चालल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतो तर बायडाक्का डालग्याच्या वर बसून बल्बला शिव्या देत होती. मी हात पुढं केला, तिनं अंगठ्याला कडकडून चोच मारली. आईनं तिथंच देवाला हात जोडले. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "आता चालतात-बोलतात ना?" म्हटलं, चालतात, आणि बोलतात तर पहाटे पाचपासून.

परत खुराड्यात सोडायची ती रात्री, अंधारात, असं जाणत्यांनी सांगितलं. सकाळी उठल्यावर बाकीच्यांना वाटतं, ही इथंच होती. बायडाक्काला मी तसंच नेऊन कोरड्या तुसावर ठेवलं. सकाळी मात्र चौघींनी तिला ओळख दाखवली नाही. सत्ता गेलेल्या माणसाचं होतं तेच झालं. दाण्याला शेवटी, पाण्याला शेवटी. दोन दिवस तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी परड्यात एकच कालवा झाला, पिसं उडाली, आणि संध्याकाळी दाणे टाकले तेव्हा आधी बायडाक्का, मग बाकीच्या. त्या दिवशी तिनं अंडंही घातलं. बल्ब, पेट्रोल, औषध, तूस आणि दोन दिवसांची रजा धरली तर त्या अंड्याची किंमत हॉटेलातल्या पूर्ण थाळीच्या कितीतरी वर गेली होती. आणि लेबलाप्रमाणं ते खायचं नव्हतं. परड्यात खड्डा काढून आम्ही ते पुरलं.

मग मी आजारी पडलो.

पावसात दुकानं पालथी घातल्याचा परिणाम असावा. शिंका, घरघर, डोळ्याला पाणी. सोप्यात घोंगडी फुगवून मान खांद्यात घालून बसलो. मुलीनं काखेत थर्मामीटर घातला. एकशे एक. कोंबडीच्या हिशेबानं मी केव्हाच गेलेला होतो. शेजारच्या काकी येऊन लसूण सांगून गेल्या, मामा कांदा, मास्तर काढा. खिळ्याला कागद अजून लटकतच होता, वेगळा लिहायची गरज पडली नाही. मग आई दारात उभी राहून म्हणाली, "पडशाला खरं औषध एकच. कोंबडीचं गरम गरम सूप."

कुणीच काही बोललं नाही. बायकोनं कॅलेंडरकडं बघितलं. लेबलावरचे दिवस कालच संपले होते. श्रावण दोन दिवसांवर आलेला. परड्याच्या उंबऱ्यावर बायडाक्का येऊन उभी राहिली, मान पुढं काढून, एका डोळ्यानं माझ्याकडं बघत. तिच्या आणि माझ्या औषधांची यादी एकच होती. माझ्या यादीत शेवटचा एक जिन्नस जास्त होता, आणि तो उंबऱ्यावर उभा होता.

आईनं पदर खोचला, खुंटीवरची पिशवी घेतली. "मी येतो जाऊन," म्हणाली.

तासाभरानं घरभर वास सुटला. लसूण, आलं, हळद, मिरी. वाटीत मटणाचं अळणी, वर तुपाचा तवंग. पहिल्या घोटाला नाक मोकळं झालं, दुसऱ्याला डोकं. बायडाक्का उंबऱ्यावर बसून पंख साफ करत होती. सगळं कसं जिथल्या तिथं होतं.

मुलगी फुर्रकन एक घोट घेऊन म्हणाली, "आज्जी, ह्या बोकडाचं नाव काय हुतं?"

आईची पळी पातेल्यावर तशीच थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी वाटीत बघितलं.

"त्येला नाव न्हवतं," आई म्हणाली, आणि तिच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.